कागद नसलेला सीबी सेट: आधी क्रिस्टलवरचे आकडे लिहून काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ओहायोत जुन्या सामानाच्या विक्रीत तुम्हाला २३ चॅनलचा, टेबलावर ठेवायचा सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांना बोलण्यासाठी ठेवलेला २७ मेगाहर्ट्झचा पट्टा) रेडिओ मिळाला. पुढच्या पट्टीवर कधीच बंद पडलेल्या एका दुकानसाखळीचं नाव आहे आणि मागच्या पाटीवरचा मॉडेल नंबर अर्धा खरवडलेला आहे. मागे १२० व्होल्टची वायर आहे, १३.८ व्होल्ट डीसीचं सॉकेटही आहे. दिवे लागतात, अँटेना लावली की एस-मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणारा) काटा थोडा हलतो, पण स्पीकरमधून हूं की चूं नाही. माइक सोबत आलाच नाही. झाकण काढल्यावर आत १४ क्रिस्टल (ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारे छोटे धातूचे डबे) दिसले. सर्किट डायग्राम कुठे मिळेल, सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाकावेत का आणि सेट दुरुस्त झाला तर नाशिकला हॅम (परवानाधारक हौशी रेडिओ चालक) असलेल्या वडिलांसाठी नेता येईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

डायग्रामपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक लोक तिथेच महिनोन्‌महिने अडकून बसतात. पुढच्या पट्टीवरच्या नावाने शोधणं सोडून द्या. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या दुकानसाखळ्या आणि पोस्टाने माल पाठवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या नावाने सीबी विकत होत्या, पण आतला सेट बहुधा जपानी कारखान्यातून आलेला असे. एकच बोर्ड, चार वेगवेगळ्या पट्ट्या आणि चार वेगवेगळी नावं. त्यामुळे ‘दुर्मिळ’ सेट बऱ्याचदा फक्त नावाने दुर्मिळ असतो. बोर्ड उलटा करून तांब्याच्या बाजूला छापलेला नंबर वाचा. ‘पीटीबीएम’ने सुरू होत असेल तर तो सायबरनेटचा बोर्ड, आणि त्या कंपनीचे बोर्ड कितीतरी ब्रँडच्या पोटात सापडतात. मग शोध त्या बोर्ड नंबरावर घ्यायचा. हॉवर्ड डब्ल्यू. सॅम्स या प्रकाशकाने सीबी सेटच्या डायग्रामचे खंड काढले होते. त्यात सर्किट, भागांची यादी आणि अलाइनमेंटची (सेट सुरात लावण्याची) कोष्टकं असतात आणि जुन्या पुस्तकांत ते अजून मिळतात. तुमच्या नावाचा सेट त्यात नसेल, पण तुमचाच बोर्ड दुसऱ्या नावाखाली असू शकतो.

ही नावं इतकी का विरली, तेही सांगतो. २७ मेगाहर्ट्झचा सीबी पट्टा १९५८ साली सुरू झाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकवाल्यांमुळे सीबीचं वेड घरोघरी पोचलं आणि जो तो सेट विकायला लागला. तेवढ्यात एफसीसी या अमेरिकेतल्या रेडिओ नियंत्रण संस्थेने जाहीर केलं की १ जानेवारी १९७७ पासून ४० चॅनल. २३ चॅनलचा माल गोदामात पडून राहिला, मिळेल त्या भावाला फुंकला गेला आणि त्या लाटेवर आलेली कितीतरी नावं थोड्याच वर्षांत गेली. त्यामुळे दुर्मिळ म्हणजे महाग असं अजिबात नाही. आवड म्हणून करत असाल तर करा, विकून पैसे मिळतील या आशेने करू नका.

आता तुमच्या १४ क्रिस्टलकडे येऊ. डायग्राम नसेल तर माझ्या लेखी पहिलं कागदपत्र तेच. भिंग घ्या, डब्यांवरचे आकडे वाचा आणि वहीत लिहा. बहुधा असं दिसेल: सहा क्रिस्टल ३७.६०० पासून ३७.८५० मेगाहर्ट्झपर्यंत, दर ०.०५० ला एक. चार क्रिस्टल १०.५९५, १०.६१५, १०.६२५ आणि १०.६३५ चे. उरलेले चार १०.१४०, १०.१६०, १०.१७० आणि १०.१८० चे. हे जुळलं तर सेटचा अर्धा डायग्राम तुमच्या हातात आला असं समजा.

हिशेब असा आहे. ट्रान्समिट करताना ३७ च्या गटातल्या एका क्रिस्टलमधून १०.६ च्या गटातला एक वजा होतो. ३७.६०० मधून १०.६३५ गेले की २६.९६५, म्हणजे चॅनल १. तेच ३७.६०० धरून १०.६२५ वजा केले की २६.९७५, चॅनल २. १०.६१५ ने चॅनल ३, १०.५९५ ने चॅनल ४. मग ३७.६५० वर उडी आणि ५ ते ८. असं करत सहा आडव्या ओळी आणि चार उभे रकाने होतात, पाढ्यांच्या तक्त्यासारखे. चोवीस घरं होतात, चॅनल तेवीसच. शेवटच्या ओळीत २१ आणि २२ नंतरचं घर, २७.२३५ चं, रिकामं सोडलेलं आहे आणि चॅनल २३ चौथ्या रकान्यात २७.२५५ वर बसतो. रिसीव्हला तोच ३७ चा क्रिस्टल येणाऱ्या सिग्नलला १०.६ च्या आसपास खाली आणतो आणि १०.१ च्या गटातला क्रिस्टल त्यातून ४५५ किलोहर्ट्झ, म्हणजे आयएफ (सेटच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी), काढतो. १०.६३५ उणे १०.१८० म्हणजे ०.४५५. चारही जोड्या अशाच जमतात.

हा तक्ता कागदावर काढून बेंचसमोर चिकटवा. ५, ६, ७, ८ हे चारही चॅनल घेणं-पाठवणं दोन्हीला मेले असतील तर संशय ३७.६५० वर. चॅनल १, ५, ९, १३, १७, २१ वर ऐकू येतं पण कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) निघत नाही, तर १०.६३५. त्याच सहा चॅनलवर कॅरियर निघतो पण ऐकू येत नाही, तर १०.१८०. उभ्या रकान्यात घेणं आणि पाठवणं दोन्ही एकदम गेलं असेल तर दोन क्रिस्टल एकाच वेळी मेले असं धरण्यापेक्षा चॅनल स्विचचा कॉन्टॅक्ट तपासा. खरं तर स्विच नेहमीच आधी. चांगला कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारून स्विच दोन्ही दिशांनी भरपूर फिरवा. घरातला गंज सोडवायचा स्प्रे त्यात मारू नका. त्याचं तेल राहतं, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या माणसाला त्रास होतो.

स्विच साफ करूनही ओळ मेलेलीच असेल तर ३७.६५० आणि ३७.७०० हे दोन क्रिस्टल सोडवून जागा बदला. मेलेला गट आता ९ ते १२ या जागी सरकला तर क्रिस्टल गेला. जिथल्या तिथे राहिला तर क्रिस्टल ठीक आहे, दोष स्विच किंवा बोर्डावरच्या जोडात आहे. हे करताना क्रिस्टलचे पाय उपटू नका. पन्नास वर्षांच्या बोर्डावरचं तांबं सोल्डरिंग आयर्नच्या जास्त उष्णतेने सोलून निघतं.

आकडे वेगळे निघाले तर घाबरू नका. बारा क्रिस्टलची दुसरी एक पद्धतही खूप चालली. त्यात २३.२९० पासूनचे सहा, १४.९५० पासूनचे चार, शिवाय ११.२७५ आणि ११.७३० चा एकेक. २३.२९० अधिक १४.९५० म्हणजे ३८.२४०, त्यातून ११.२७५ गेले की पुन्हा २६.९६५. कोणतेही आकडे येवोत, बेरीज-वजाबाकी करून चॅनल १ चे २६.९६५ जमवून बघा. जमलं की सेटची रचना कळली.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात पडताळायला हल्ली सोपं झालंय. स्वस्तातला आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर) संगणकाला लावा, त्याला हातभर वायर जोडा आणि वायरचं टोक चालू सेटच्या ऑसिलेटरजवळ, म्हणजे क्रिस्टल चालवणाऱ्या भागाजवळ, नुसतं आणून ठेवा. पडद्यावर ३७ मेगाहर्ट्झच्या त्या भागात एक उभी रेघ दिसेल. चॅनल ४ वरून ५ वर गेलात की ती ५० किलोहर्ट्झ सरकायला हवी. सरकायच्या जागी नाहीशी झाली तर क्रिस्टल थरथरत नाही. सेट ट्रान्समिटवर असताना मात्र डोंगलची वायर दूर ठेवा, नाहीतर डोंगल जाईल.

तुमच्या सेटमध्ये मात्र मला क्रिस्टलचा दोष सध्या दिसत नाही. अँटेना लावल्यावर काटा हलतो म्हणता. म्हणजे निदान त्या चॅनलवर आरएफ (अँटेनाकडचा भाग), ऑसिलेटर आणि आयएफ जिवंत आहेत. आवाज नाही, आणि माइकही नाही. या दोन गोष्टींचा संबंध असण्याची शक्यता फार मोठी. त्या काळच्या कितीतरी सेटमध्ये स्पीकरची परतीची वाट माइकमधून जाते. माइकचं बटण सुटलेलं असताना आतला कॉन्टॅक्ट स्पीकरला ग्राउंड देतो, बटण दाबलं की ती वाट तुटते आणि ट्रान्समिट सुरू होतं. माइक काढला की सेट मुका.

खात्री करायला सेट बंद करून मल्टिमीटर ओहमवर लावा. एक टोक स्पीकरच्या एका पायाला, दुसरं माइक सॉकेटच्या एकेका पिनला लावत जा. मग स्पीकरच्या दुसऱ्या पायाने तेच करा. कुठल्याशा पिनवर शून्याजवळ ओहम दाखवून दुसऱ्या पायाने सातआठ ओहम आणि स्पीकरमध्ये बारीक टक् ऐकू आलं, तर ती रिसीव्हची पिन. चॅसीशी थेट जोडलेली पिन ग्राउंड. रिले असेल तर त्याच्या कॉइलकडे जाणारी पिन ट्रान्समिटची, आणि शील्डच्या वायरने आवाजाच्या पहिल्या ट्रान्झिस्टरकडे जाणारी माइकच्या आवाजाची. चार पिनच्या बऱ्याच सेटमध्ये १ ग्राउंड, २ आवाज, ३ ट्रान्समिट, ४ रिसीव्ह अशी मांडणी असते, पण ती गृहीत धरू नका. प्रत्येकाने मनाला येईल तसं जोडलंय. रिसीव्ह आणि ग्राउंड पिन छोट्या वायरने जोडा, सेट लावा. बहुधा खरखर ऐकू येईल.

मात्र लावण्याआधी थोडं थांबा. इतके दिवस तुम्ही थेट १२० वर लावत आलात, ते बंद करा. घरगुती सेटमध्ये १२० वरून १३ व्होल्टच्या आसपास करणारा पॉवर सप्लाय असतो आणि त्यातला व्होल्ट आवरून धरणारा पास ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सेटला भलतेच जास्त व्होल्ट जातात. म्हणून सप्लायचं आउटपुट बोर्डापासून सोडवा आणि एकटं मोजा. आधी सिरीज लॅम्पमधून, म्हणजे मेन्सच्या वाटेत एक दिवा जोडून. एलईडी नको, जुन्या पद्धतीचा तारेचा किंवा हॅलोजन दिवा हवा. दिवा भक्क पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा डायोड शॉर्ट. फ्यूज बाहेर काढून त्यावरचा आकडा वाचा. जुन्या सेटमध्ये चांदीच्या कागदात गुंडाळलेले फ्यूज मी इतके पाहिलेत की आता आश्चर्य वाटत नाही. दोन पिनची वायर असेल तर मेन्सपासून चॅसीकडे जाणारा छोटा कपॅसिटर शोधा. तो गळका असेल तर धातूच्या पेटीला हात लावताच झटका बसतो. त्याच्या जागी वाय-क्लासचाच (मेन्सवर सुरक्षित राहील असा खास बनवलेला) बसवा, दुसरा कुठलाही नाही.

माझा सल्ला विचाराल तर दुरुस्तीचं सगळं काम मागच्या डीसी सॉकेटवरून करा. करंट लिमिट असलेला १३.८ व्होल्टचा सप्लाय घ्या, रिसीव्हसाठी मर्यादा एका अँपिअरच्या खाली ठेवा. उलट पोलॅरिटीपासून वाचवायला आत बहुधा एक डायोड आडवा टाकलेला असतो. कधीतरी कुणी उलट वायर लावली की तो शॉर्ट होऊन मरतो. सप्लाय लगेच मर्यादेला जाऊन बसला तर पहिला तो डायोड बघा.

आता कपॅसिटर. सगळे एकदम बदलायचे का, तर नाही. या बाबतीत माझं मत पक्कं आहे. डायग्राम नसलेल्या सेटमध्ये चाळीस जागी आयर्न टेकवलं आणि नंतर सेट बोलला नाही, तर जुना दोष कुठला आणि तुम्ही घातलेला नवा कुठला हे ओळखायची सोय उरत नाही. पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर बदला. आवाजाच्या भागातले इलेक्ट्रोलिटिक ईएसआर मीटरने (कपॅसिटरचा आतला रोध मोजणाऱ्या) तपासून एकेक बदला आणि प्रत्येकानंतर सेट लावून बघा. चपटे सिरॅमिक डिस्क कपॅसिटर तसेच राहू द्या. ते सहसा बिघडत नाहीत. शिवाय ऑसिलेटरजवळच्या डिस्कवर डोक्याला काळा किंवा जांभळा ठिपका असेल तर तो तापमानाचा गुण सांगतो. काळा म्हणजे न बदलणारा, जांभळा म्हणजे तापल्यावर मुद्दाम कमी होणारा. तिथे हाताला लागेल तो टाकलात तर सेट तापला की फ्रिक्वेन्सी भरकटेल. नियमाप्रमाणे सूट ०.००५ टक्के, म्हणजे चॅनल १९ च्या २७.१८५ वर जेमतेम १.३६ किलोहर्ट्झ.

ट्रान्झिस्टरवर नुसतं ‘सी९४५’ असं दिसेल. जपानी पद्धतीत सुरुवातीचं ‘२एस’ छापत नाहीत, तो २एससी९४५ समजा. बदलायची वेळ आली तर पायांचा क्रम जपा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर सी९४५ मध्ये डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असतात, तर आपल्या नेहमीच्या बीसी५४७ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर. तसाच खोचलात तर सेट आणखी मुका होईल. शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ २एससी१३०६, आता नवा बनत नाही आणि बाजारात त्याच्या नावाने नकली माल मुबलक आहे. खरा हवा असेल तर मेलेल्या दुसऱ्या सेटमधून काढा.

हाच न्याय क्रिस्टलला. नवा कापून घ्यायचा म्हटलं तर सेटपेक्षा महाग पडेल. पण १४ क्रिस्टलची ही पद्धत इतक्या ब्रँडनी वापरली की कुठल्याही भंगार २३ चॅनलच्या सेटमध्ये तुमचे आकडे सापडण्याची शक्यता चांगली. ओहायोतच आहात, तर झीनियाच्या हॅमव्हेन्शनला (हॅम लोकांच्या मेळाव्याला) जुन्या बाजारात एक चक्कर मारा. टेबलाखाली खोक्यात टाकलेले सेट बघा, वरचे नकोत.

आवाज आल्यावर अनेकांचे हात आयएफच्या डब्यांकडे वळतात. पिवळा, पांढरा, काळा गाभा, वरून खाच, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात. नका फिरवू. पन्नास वर्षांत ते आपोआप फिरलेले नसतात आणि धातूच्या टोकाने फेराइट फुटतं. एकदा फुटलं की गाभा अडकला. खरंच सिग्नल कमकुवत असेल, तरच प्लॅस्टिकच्या अवजाराने, आधी जागेची खूण करून, एका वेळी एकच, आणि एस-मीटर वाढला नाही तर खुणेवर परत.

ट्रान्समिटचा भाग डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाच्या जागी रेझिस्टर लावून, तपासा. एक किलोओहमचे दोन वॉटचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॉटची ताकद मिळते. तारेचे वाइंडिंगवाले रेझिस्टर नकोत. एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून शिखराचे व्होल्ट डीसी मीटरवर वाचा. चार वॉट म्हणजे साधारण २० व्होल्ट. कॅरियर येतो पण बोललेलं जात नाही, तर आवाजाचा भाग पाहा. या सेटमध्ये स्पीकर चालवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच ट्रान्समिटच्या वेळी मॉड्युलेशन करतो, म्हणजे कॅरियरवर आवाज चढवतो. म्हणून रिसीव्हला आवाज छान आणि मॉड्युलेशन नाही, तर माइक आणि त्याच्या पहिल्या ट्रान्झिस्टरपलीकडे फार शोधायला नको. कॅरियरच नसेल तर बटण दाबून शेवटच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर डीसी येतंय का ते मोजा, कारण ते व्होल्टही त्याच ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून येतात. पॉवर वाढवायचे आणि मॉड्युलेशनचा लिमिटर तोडायचे जे उपाय जिथेतिथे सांगितले जातात, ते विसरा. आवाज फाटतो, शेजारच्या चॅनलवर घाण पसरते, आणि ते नियमातही बसत नाही.

राहिलं नाशिक. भारतात २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी लायसन्समुक्त आहे आणि तुमचे तेवीसही चॅनल त्यात बसतात. पण अट ५ वॉटपर्यंतची आणि आतच बसवलेल्या अँटेनाची आहे. बाहेरची अँटेना लागणारा टेबलावरचा सेट त्या अटीत बसत नाही. वडिलांचं हॅम लायसन्स इथे उपयोगाचं नाही, कारण २७ च्या वरचा हॅमचा पट्टा २८ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. ट्रान्समीटर आणताना डब्ल्यूपीसीचे (रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी विभागाचे) आणि कस्टम्सचे नियमही आधी बघा. नेलाच तर ऐकायला आणि डमी लोडवर खेळायला न्या, आणि १३.८ व्होल्ट डीसीवरच चालवा. स्टेप-डाउन लावून १२० दिले तरी ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. ३७ च्या जागी ३९ मेगाहर्ट्झच्या आसपासचे क्रिस्टल घालून असे सेट २८-२९ वर आणता येतात आणि वडिलांना तो उद्योग आवडेलही. त्यासाठी हॅमव्हेन्शनमधला भंगार सेट वापरा, हा नको.

पुढचं विचाराल तेव्हा चौदा क्रिस्टलचे आकडे, बोर्डाच्या तांब्याकडचा नंबर आणि माइक सॉकेटच्या कुठल्या पिनवर किती ओहम आले, एवढं लिहून पाठवा. फोटो एकच चालेल, पण भिंगातून काढलेला.